तोल साधणारा विल्बर राइट

भगिनींनो, विमान कोणी केले असे विचारले तर शाळेतले लहान मूलही राइट बंधूंचे नाव सांगते. आता आपल्या आळीतल्या कितीतरी घरांतील मुले, लेकी, सुना विमानाने परदेशी जातात, आणि त्या सुखरूप उतरल्याचा निरोप येईपर्यंत आपला जीव थाऱ्यावर नसतो. एवढे जड धूड आकाशात राहते कसे आणि कलंडत कसे नाही, हा प्रश्न अशा वेळी मनात येतोच. त्याचे उत्तर घरच्या घरी खटपट करून ज्याने शोधले, त्या दोघा बंधूंतील वडील विल्बर याची हकिकत येथे देत आहे.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना प्रांतात झाला. वडील मिल्टन धर्मोपदेशक, पुढे बिशप झाले. ते बहुधा फिरतीवर असत, म्हणून घर आईच्या अंगावर. आईचे नाव सुसान. तिचे वडील गाड्या बनविणारे कारागीर होते, आणि त्यांच्या कारखान्यात वावरून ती लहानपणीच हत्यारे चालवायला शिकली होती. घरातले मोडकेतोडके ती स्वतः दुरुस्त करी, मुलांना खेळणी करून देई. १८७८ साली वडिलांनी गावाहून येताना बांबू, बूच आणि कागद यांचे, रबराच्या पिळाने उडणारे एक खेळणे आणले. ते मोडेपर्यंत विल्बर व त्याचा चार वर्षांनी धाकटा भाऊ ऑरविल त्याच्याशी खेळले, आणि मग तसलेच नवे करू लागले.

विल्बर अभ्यासात हुशार होता. येल येथील मोठ्या विद्यालयात त्याला पाठवावे असे घरात चालले होते. पण १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर खेळताना काठीचा तडाखा बसून त्याचे पुढचे दात गेले. त्यानंतर छातीत धडधड होऊ लागली आणि शिक्षणाचा बेत राहिला तो राहिलाच. त्याच सुमारास आईला क्षय लागला होता. विल्बर घरीच राहिला आणि तिची सेवा करू लागला. रोज सकाळी तिला उचलून खाली आणावे, रात्री पुन्हा वर न्यावे, आणि मधल्या वेळात वडिलांच्या कपाटातली पुस्तके वाचावीत, असा त्याचा क्रम होता. आई ४ जुलै १८८९ रोजी वारली. घरात बसलेल्या तरुण मुलाची ही वर्षे लोकांना फुकट गेलेली वाटली असतील, पण पुढे जो विचार त्याने केला त्याची बैठक याच वर्षांत बसली. शाळा पुरी केल्याचा दाखला दोघाही भावांना कधी मिळाला नाही.

पुढे दोघांनी डेटन गावी छापखाना काढला आणि १८९२ त सायकलींचे दुकान. १८९६ साली ऑरविल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. विल्बर आणि धाकटी बहीण कॅथरिन त्याची शुश्रूषा करीत. त्याच ऑगस्टमध्ये जर्मनीतील ओटो लिलिएंथाल पडून मेल्याची बातमी आली. हा गृहस्थ मोठाले पंख अंगाला अडकवून टेकडीवरून तरंगत खाली येई. असे सुमारे दोन हजार वेळा त्याने केले होते. तोल जाऊ लागला की तो लोंबकळते पाय इकडेतिकडे झोकून सावरे. त्या दिवशी ते साधले नाही. सुमारे पन्नास फुटांवरून तो खाली आला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

विल्बरच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. पंख हवेत उचलतात हे लिलिएंथालने दाखविलेच होते. इंजिने दिवसेंदिवस हलकी होत होती. अडले होते ते तोलापाशी. त्या काळचे पुष्कळ विद्वान आपोआप स्थिर राहील असे यंत्र शोधीत होते. विल्बर सायकलवाला. त्याला ठाऊक होते की सायकल उभी केली तर पडते, पण चालविणारा क्षणोक्षणी तिला सावरतो म्हणून ती धावते. डोक्यावर भरली घागर घेऊन येणारी बाई हेच करते. घागर स्थिर दिसते, पण मान आणि कंबर सारखी सावरीत असतात. विमानही चालविणाऱ्याने असेच सावरले पाहिजे, हे विल्बरने ओळखले.

आता विमानाचा तोल तीन प्रकारांनी जातो. नाक वर किंवा खाली होते, एक पंख वर आणि दुसरा खाली होतो, आणि नाक डावीउजवीकडे वळते. पैकी पंखांचा तोल सर्वांत अवघड. पक्षी पंखांची टोके मुरडून सावरतात हे विल्बरने पाहिले होते. १८९९ साली दुकानात सायकलच्या ट्यूबचे रिकामे खोके हातात असता त्याने ते सहज पिळले. एक बाजू वर झाली, दुसरी खाली. तीच युक्ती पंखांना! ज्या बाजूचा पंख वाऱ्यासमोर जरा अधिक उचलला जातो, तो हवेला अधिक खाली ढकलतो आणि हवा त्याला अधिक वर उचलते. आजच्या विमानात पंख पिळत नाहीत, पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीची फळी असते. काम तेच.

१९०० साली ते समुद्रकाठच्या किटी हॉक या वाळूच्या गावी बिनइंजिनाचे विमान घेऊन गेले. ठरल्या लांबीचे लाकूड वाटेत मिळाले नाही, आखूड घ्यावे लागले, तेव्हा पंखांचे कापडही लहान करणे आले. ज्यांच्या घरी विल्बर उतरला त्या टेटबाईंच्या शिवणयंत्रावर त्याने ते स्वतः शिवले. परत जाताना विमान तेथेच टाकले. टेटबाईंनी त्याच्या साटिनचे आपल्या दोन मुलींना झगे शिवले!

१९०१ चे विमान फसले. पुस्तकांतल्या हिशेबापेक्षा ते फारच कमी उचलत होते. विल्बर अगदी निराश झाला. त्याच वेळी शिकागोच्या इंजिनियरांपुढे भाषणाचे बोलावणे आले. तो जाईना, पण कॅथरिनने पिच्छा पुरवून त्याला धाडले. परत आल्यावर भावांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, तिच्यातून पंख्याचा वारा सोडला आणि करवतीची पाती व सायकलच्या तारा यांचा काटा करून पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने तोलून पाहिले. रुंद आखूड पंखापेक्षा लांब अरुंद पंख बरा, हे त्यातून कळले. पंख जरा तिरपा धरला तर उचल वाढते. पण फार तिरपा केला तर वारा त्याच्या पाठीला धरून वाहीनासा होतो, उचल एकदम जाते आणि विमान कोसळते. लिलिएंथालचा घात असाच झाला होता.

१९०२ त मागे हलते सुकाणू बसवून तिन्ही तोल त्यांनी हाती आणले. इंजिन त्यानंतर. दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने १२ अश्वशक्तीचे इंजिन सहा आठवड्यांत घडविले. १४ डिसेंबर १९०३ रोजी विल्बरने नाक अंमळ जास्त उचलले आणि विमान वाळूत बसले. दुरुस्ती करून १७ डिसेंबरला ऑरविल १२ सेकंद, १२० फूट उडाला. त्याच दिवशी चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला.

तरी ते विमान हट्टी घोड्यासारखे खालीवर उसळे, कारण नाक सांभाळणारी फळी पुढे होती आणि भार मागे. बॅडमिंटनचे फूल पाहा. जड बूड पुढे, पिसे मागे, म्हणून ते आपोआप सरळ होते. विमानाचेही तसेच आहे. भावांनी १९०४ त पुढे लोखंडाचे वजन ठेवून उसळी कमी केली. पुढे १९१० त फळीही मागे नेली. आजच्या बहुतेक प्रवासी विमानांना मागे शेपूट असते ते यासाठी. म्हणजे आपोआप स्थिर राहणे आणि चालविणाऱ्याने सावरणे, दोन्ही हवीत. विल्बरने ५ ऑक्टोबर १९०५ रोजी गावाजवळच्या कुरणावर ३९ मिनिटांत २४ मैल घिरट्या घातल्या.

१९०८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये त्याने विमान कलते करून सफाईने वळविले, तेव्हा नावे ठेवणारे गप्प झाले. त्याच सप्टेंबरात अमेरिकेत ऑरविलचे विमान पडले. बरोबरचा लेफ्टनंट सेल्फ्रिज मेला आणि ऑरविल जबर जखमी झाला. कॅथरिन शाळेत लॅटिन शिकवीत असे. ती रजा घेऊन धावली आणि आठवडेच्या आठवडे त्याच्या उशाशी बसली.

दोघा भावांनी लग्न केले नाही. पुढे पेटंटच्या कज्ज्यांत विल्बर थकून गेला. ज्या विषमज्वरातून त्याने भावाला वाचविले होते, त्यानेच ३० मे १९१२ रोजी डेटनच्या राहत्या घरी तो गेला. वय अवघे ४५. इतक्या वेळा उडून त्याचा शेवट आकाशात झाला नाही.

भगिनींनो, पुढच्या खेपेस कोणाला पोचवायला गेलात, अगर स्वतः खिडकीशी बसलात, तर पंखाची मागची कड अवश्य पाहा. ती फळी वरखाली हलताना दिसेल. विमान डगमगले म्हणून ती हलत नसते, त्याला सावरण्यासाठी हलत असते. हे कळले की जिवाची धाकधूक थोडी तरी कमी होते.