प्रेमचंद रायचंद : कापसाच्या तेजीचा धनको आणि ऋणको

मुंबईच्या ओव्हल मैदानासमोर, विद्यापीठाच्या आवारात उभा असलेला राजाबाई टॉवर सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्या मातेच्या नावाने तो ओळखला जातो, तिचे पुत्र शेठ प्रेमचंद रायचंद यांची ओळख मात्र आज धूसर झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात हे नाव मुंबईच्या पेढ्यांतून, बँकांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून सारख्याच आदराने घेतले जात असे. पुढे तेच नाव मुंबईच्या पहिल्या मोठ्या आर्थिक अरिष्टाशी कायमचे जोडले गेले. कंपनीच्या समभागाचे खरे मोल कशावरून ठरवावे, या आजही रोज पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यास प्रेमचंदांच्या चरित्राइतका बोलका दाखला भारतात क्वचितच सापडेल.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ साली सुरत येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. सुरतेचे वैभव तेव्हा ओसरत होते आणि व्यापार मुंबईकडे वळत होता. रायचंद दीपचंद यांचे कुटुंबही त्याच वाटेने मुंबईस आले. येथे प्रेमचंदांना इंग्रजी शिक्षण मिळाले आणि तेच त्यांचे पहिले भांडवल ठरले. त्या काळी मुंबईत समभागांचे देशी दलाल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि इंग्रजी लिहिता-बोलता येणारा त्यांत दुर्मीळच. रतनचंद लाला या नावाजलेल्या दलालाच्या हाताखाली प्रेमचंदांनी उमेदवारी केली. युरोपीय व्यापाऱ्यांशी थेट बोलणारा, तोंडी हिशेबात तरबेज आणि शब्दाला पक्का असा हा तरुण काही वर्षांतच स्वतंत्रपणे व्यवहार करू लागला. बँकांचे समभाग, सोनेनाणे आणि कापूस ही त्यांची मुख्य क्षेत्रे होती.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती हजारो मैलांवरच्या एका युद्धामुळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला. इंग्लंडची गरज भागवणारा बहुतांश कापूस तोवर तिकडूनच येत असे. आता सर्वांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून बाहेर पडू लागला. पूर्वी विलायतेत दुय्यम मानल्या जाणाऱ्या या कापसाला तीन-चार पटींनी अधिक भाव मिळू लागला. चार वर्षांत हिंदुस्थानच्या कापूस निर्यातीचे मूल्य सुमारे पाचपट झाले. निर्यातीचे वजन मात्र त्या मानाने फारच कमी वाढले होते. नफ्यातली वाढ मुख्यतः भावाची होती आणि तो भाव युद्धावर टिकून होता.

या पैशाला मुंबईत वाट हवी होती. नव्या कंपन्यांनी ती दिली. १८६० साली शहरात साठेक दलाल होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत ही संख्या दोनशे ते अडीचशेवर गेली. १८६५ च्या प्रारंभी शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन निर्माण करू पाहणाऱ्या ८ कंपन्या होत्या. यांतील बहुतेक संस्थांच्या उभारणीत प्रेमचंदांचा सल्ला, हमी किंवा निदान शुभेच्छा असाव्यात, अशी प्रवर्तकांची धडपड असे. समभागांचे वाटप कोणाला किती करावे, हे त्यांच्या शब्दावर ठरे. त्यांच्या भायखळ्याच्या बंगल्यावर सकाळपासून समभाग मागणाऱ्यांची रीघ लागे.

या साऱ्या कंपन्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनीची कथा विशेष बोधप्रद आहे. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर भराव घालून जमीन निर्माण करायची आणि ती विकायची, ही तिची योजना. समभागावर भरलेली रक्कम पाच हजार रुपये होती. तेजीच्या शिखरावर त्यावरील अधिमूल्यच पन्नास हजारांच्या आसपास पोहोचले. कंपनीने त्या वेळी एक रुपयाही नफा मिळवलेला नव्हता. बँक ऑफ बॉम्बे ही तुलनेने जुनी, सरकारचाही भाग असलेली संस्था. तिचा पाचशे रुपयांचा समभाग २,८५० रुपयांपर्यंत चढला. एकीकडे नफ्याचा इतिहासच नाही आणि दुसरीकडे ताज्या, असाधारण वर्षांचा नफा कायमचा धरलेला, असा हा हिशेब होता.

प्रेमचंदांसारख्या चाणाक्ष माणसाला यातला धोका दिसला नाही, हे नवल वाटते. परंतु तेजी टिकते तोवर ताजा नफाच सर्वांत खरा वाटतो. एखाद्या कंपनीचा समभागामागचा नफा नऊ वर्षे दरसाल दहा रुपये राहिला आणि दहाव्या वर्षी, तेजीत, तो शंभर रुपये झाला, असे समजू. समभागाचा भाव एक हजार रुपये असेल, तर शेवटच्या वर्षाच्या नफ्याच्या तो केवळ दहापट ठरतो आणि स्वस्त वाटतो. दहाही वर्षांची सरासरी घेतली, तर नफा एकोणीस रुपये भरतो आणि तोच भाव नफ्याच्या बावन्नपटीहून अधिक निघतो. यात महागाईचाही विचार करावा लागतो. दरम्यानच्या काळात वस्तूंचे भाव दुप्पट झाले असतील, तर जुन्या दहा रुपयांची किंमत आजच्या वीस रुपयांइतकी धरली पाहिजे. तसे केल्यास सरासरी अठ्ठावीस रुपये होते आणि भाव तिच्या सुमारे छत्तीसपट ठरतो. म्हणजे चित्र थोडे सौम्य होते, पण समभाग स्वस्त मुळीच राहत नाही.

त्या वर्षांच्या मुंबईत महागाईही अशीच वाढली होती. घरभाडी, धान्य आणि मजुरी यांचे दर झपाट्याने चढले होते. हातात येणारा रुपया मोठा दिसत होता, त्याची खरेदीशक्ती मात्र घटली होती. नफ्याचे आकडे फुगण्यास कापसाच्या भावाबरोबर रुपयाची ही घसरणही कारण होती. हा भेद करण्याची पद्धत तेव्हा कोणाच्या हिशेबात नव्हती.

या काळात प्रेमचंदांच्या हातून एक गंभीर चूक घडली आणि तिचे परिणाम त्यांच्यापुरते मर्यादित राहिले नाहीत. बँक ऑफ बॉम्बेच्या नव्या सनदेने समभागांच्या तारणावर कर्ज देण्यावरील पूर्वीचे निर्बंध सैल झाले होते. बँकेच्या कारभारावर प्रेमचंदांचा मोठा प्रभाव होता. त्यांच्या शिफारशीवर सढळ हाताने कर्जे दिली गेली आणि तारण म्हणून तेच फुगलेले समभाग ठेवून घेतले गेले. कर्जाच्या पैशातून समभागांची खरेदी होई, खरेदीमुळे भाव चढे आणि चढलेल्या भावावर पुन्हा कर्ज मिळे. तारणाची किंमत आणि कर्जाची रक्कम दोन्ही एकाच वाऱ्यावर तरंगत होत्या. वाऱ्याची दिशा बदलली तर बँकेला सावरणारे काही उरणार नव्हते.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली याने शरणागती पत्करली. ती वार्ता मुंबईस पोहोचताच कापसाचा भाव कोसळला. असंख्य वायदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे होते. तो दिवस उजाडला तेव्हा घेणारे आणि देणारे दोघेही हतबल होते. एकाचे दिवाळे दुसऱ्याला ओढू लागले. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला समभाग ८७ रुपयांना विकणेही कठीण झाले. बॅक बेचा समभाग दोन हजारांखाली आला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये ओव्हरेंड, गर्नी ही बलाढ्य वित्तपेढी बुडाली आणि उरलेली आशाही मावळली. प्रेमचंदांनाही दिवाळखोरी पत्करावी लागली. १८६८ साली बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. तिचे जवळजवळ सारे भांडवल नष्ट झाले होते. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे प्रेमचंदांच्या प्रभावाखाली दिलेल्या कर्जांचा पंचनामा झाला.

या पडझडीची किंमत केवळ सट्टेबाजांनी मोजली असे नाही. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांहून अधिक होती. १८७२ साली ती ६ लाख ४४ हजारांवर आली. तेजीच्या आशेने आलेले कारागीर, मजूर आणि व्यापारी परत गेले होते. गावांकडे परिणाम अधिक खोल होता. कापसाच्या चढ्या भावाच्या भरवशावर सावकारांनी शेतकऱ्यांना मोकळ्या हाताने कर्ज दिले होते. भाव उतरले, पत आटली आणि कर्ज तेवढे राहिले. १८७५ साली सुपे येथून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांमागील एक कारण म्हणून अनेक अभ्यासक या मंदीकडे पाहतात. शेतकऱ्याने जमिनीवर कर्ज काढताना आणि शेठजींनी समभागावर कर्ज काढताना एकच गृहीत धरले होते : आजचा भाव उद्याही राहील.

दिवाळखोरीनंतर प्रेमचंद खचले नाहीत, हा त्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध आहे. त्यांनी पुन्हा दलालीचे काम हाती घेतले आणि बाजारातील विश्वास हळूहळू परत मिळवला. टाऊन हॉलच्या परिसरात वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांना एखादी शिस्त आणि संघटना हवी, ही जाणीव १८६५ च्या अनुभवाने दृढ झाली होती. १८७५ साली नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापन झाली. प्रवेशशुल्क होते एक रुपया आणि सभासद ३१८. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद होते. हीच संस्था पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून जगभर ओळखली गेली.

मोल ठरवण्याची पद्धत मात्र आणखी बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या एका पडझडीनंतर सुचली. १९२९ च्या अमेरिकी शेअर बाजाराच्या कोसळण्यात स्वतः मोठे नुकसान सोसलेले बेंजामिन ग्रॅहम यांनी डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. समभागाचा भाव एका वर्षाच्या नफ्याशी न ताडता किमान पाच, आणि शक्यतो सात ते दहा वर्षांच्या सरासरीशी ताडावा, असा त्यांचा आग्रह होता. १९८८ साली जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी त्यात महागाईची दुरुस्ती करून दीर्घ काळाच्या आकडेवारीवर ही कल्पना तपासली. त्यातून आज ‘केप’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे गुणोत्तर रूढ झाले. शिलर यांना २०१३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या मापालाही मर्यादा आहेत. भाव महाग आहे एवढे ते सांगते. तो केव्हा उतरेल हे सांगत नाही. महाग ठरलेला बाजार आणखी काही वर्षे चढत राहू शकतो. शिवाय जिच्या नफ्याचा दहा वर्षांचा इतिहास नाही, त्या कंपनीला हे माप लावताच येत नाही. पण बॅक बेच्या बाबतीत नेमका तोच इशारा पुरेसा होता. मोजण्यासारखा नफाच नसताना पन्नास हजारांचे अधिमूल्य देणारा माणूस कंपनीचे मोल देत नव्हता. आपल्यानंतर कोणी तरी अधिक देईल, या अपेक्षेचे मोल देत होता.

प्रेमचंदांच्या दानाची कथा या सगळ्याहून वेगळी आहे. १८६४ साली, ऐश्वर्याच्या शिखरावर असताना, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मातोश्री राजाबाई यांच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपयांची देणगी दिली. तीतून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती आशुतोष मुखर्जी यांच्यासारख्या विद्वानांना मिळाली. सुरतेतील मुलींच्या शाळेसही त्यांचे साहाय्य होते. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेल्या मनोऱ्याचा पाया १ मार्च १८६९ रोजी घातला गेला, तेव्हा दाता दिवाळखोर ठरलेला होता. काम १८७८ साली पूर्ण झाले. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा जैन नियम त्यांना घड्याळाच्या ठोक्यांवरून पाळता यावा म्हणून पुत्राने हा मनोरा उभारला, अशी आख्यायिका आहे.

१९०६ साली वयाच्या पंचाहत्तरीत प्रेमचंद निवर्तले. त्यांना केवळ सटोडिया म्हणणे अन्यायाचे होईल आणि केवळ दानशूर म्हणणे अपुरे. ज्या बँकेच्या पतनास त्यांचा सल्ला कारण झाला, तिच्या भागधारकांचे नुकसान त्यांच्या दानाने भरून निघाले नाही. ज्यांच्या समभागांसाठी शहर वेडे झाले होते, त्यांतील बहुतेक कंपन्यांची नावेही आज कोणाला आठवत नाहीत. तेजीच्या ऐन भरात प्रेमचंदांनी जो पैसा बाजारातून काढून विद्यापीठांच्या हवाली केला, तेवढा मात्र १ जुलै १८६५ च्या तडाख्यातून वाचला. ग्रंथालय आणि मनोरा त्यातूनच उभे राहिले.