एकवीस क्रमांकाचा खेळाडू

क्रिकेट तुम्ही गल्लीत, मैदानात, कधी गच्चीवरही खेळता. अमेरिकेत बेसबॉल असाच आवडीने खेळतात. त्यातही एकजण चेंडू फेकतो आणि दुसरा बॅटने तो टोलवतो. बॅट मात्र चपटी नसून मुसळासारखी गोल असते. चेंडू टोलवून खेळाडू पहिल्या टप्प्यावर, म्हणजे ‘बेस’वर, सुखरूप पोहोचला की त्याच्या नावावर एक ‘हिट’ जमा होते. साऱ्या कारकिर्दीत तीन हजार हिट मिळवणारे खेळाडू फार थोडे. त्यांच्यापैकी एकाची ही गोष्ट.

कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिको नावाचे बेट आहे. ते अमेरिकेच्या अधिकाराखाली आहे, पण तेथील लोकांची भाषा स्पॅनिश. या बेटावरील कॅरोलिना गावी १८ ऑगस्ट १९३४ रोजी रॉबर्टो क्लेमेंटे याचा जन्म झाला. वडील उसाच्या मळ्यात मुकादम होते. रॉबर्टो भावंडांत सर्वांत धाकटा. पेरूच्या झाडाची फांदी ही त्याची पहिली बॅट होती, असे सांगतात.

१९५५ साली तो पिट्सबर्ग शहराच्या ‘पायरेट्स’ संघात दाखल झाला. खेळ उत्तम होता. अडचण निराळीच होती. क्लेमेंटे काळे होते आणि त्यांना इंग्रजी नीट येत नव्हते. फ्लॉरिडात सरावासाठी गेल्यावर गोरे खेळाडू हॉटेलात जेवत आणि काळ्या खेळाडूंना बाहेर बसमध्ये थांबावे लागे. क्लेमेंटे यांना हे सहन झाले नाही. काळ्या खेळाडूंसाठी वेगळी मोटार द्या, असा आग्रह त्यांनी धरला आणि ती मिळवली.

वृत्तपत्रे तर त्यांचे मोडकेतोडके इंग्रजी उच्चारांसकट छापून त्यांची थट्टा करीत. काहींनी त्यांचे नावही बदलून ‘बॉब’ केले. त्यांना ते मुळीच आवडत नसे. आपण रॉबर्टो आहोत, असे ते बजावत. पण इंग्रजी बोलणे त्यांनी सोडले नाही. उत्तर येत असूनही मराठीच्या तासाला हात वर न करणारी मुले मी रोज पाहतो. म्हणून हे मला फार मोठे वाटते.

१९७१ साली बाल्टिमोरच्या संघाला हरवून पायरेट्सने ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकली. सातही सामन्यांत क्लेमेंटे यांनी हिट काढल्या आणि तेच मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले. सामना संपताच दूरदर्शनचे कॅमेरे त्यांच्याभोवती जमले. सारी अमेरिका ऐकत होती. त्यांनी आधी स्पॅनिशमध्ये दूरवरच्या आईवडिलांचा आशीर्वाद मागितला आणि मगच इंग्रजीत बोलले. ज्या भाषेमुळे थट्टा झाली, तीच भाषा त्या दिवशी घरोघर पोहोचली.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यांनी आपली तीन हजारावी हिट काढली. हा आकडा पुढे वाढणार नाही, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

२३ डिसेंबरला निकाराग्वा देशाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे दगावली. क्लेमेंटे महिन्याभरापूर्वीच तेथे जाऊन आले होते. त्यांनी घरोघर फिरून अन्न, कपडे, औषधे जमवली. पण पाठवलेली मदत तेथील सैनिक मध्येच लाटतात, असे कानांवर आले. आपण जातीने गेलो तर सामान गरजूंच्या हातांत पडेल, असे त्यांना वाटले. ३१ डिसेंबरच्या रात्री ते विमानात बसले. विमान जुने होते, त्यात प्रमाणाबाहेर सामान भरलेले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते समुद्रात कोसळले. आतील पाचही जण गेले. क्लेमेंटे अवघे ३८ वर्षांचे होते. त्यांचा संघसोबती मॅनी सँगियेन प्रार्थनासभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात मित्राला शोधत राहिला. पण देह सापडला नाही.

निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटल्याशिवाय बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये कोणाला घेत नसत. क्लेमेंटे यांच्यासाठी हा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्यांना तो मान देण्यात आला. त्यांच्या सदऱ्यावरचा २१ क्रमांक पायरेट्सने पुन्हा कोणाला दिला नाही. रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर हे त्यांचे पूर्ण नाव रोमन लिपीत लिहून अक्षरे मोजा. तीही एकवीसच भरतील. स्पॅनिश रीतीप्रमाणे वडिलांचे आडनाव आधी येते आणि आईचे नंतर. हॉल ऑफ फेममधील धातूच्या पाटीवर मात्र ही आडनावे उलट क्रमाने कोरली गेली होती. ती पाटी २००० साली बदलण्यात आली.