कर्जखते आणि इंद्रायणी

तुकाराम महाराज म्हटले की हातात वीणा आणि गळ्यात तुळशीची माळ अशी मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पण त्याआधी देहूच्या दुकानात बसून हिशेब लिहिणारा एक तरुण वाणी होता, हे आपण विसरतो.

इ. स. १६०८ च्या सुमारास इंद्रायणीकाठी देहूला त्यांचा जन्म झाला. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी महाजनकी, शेती, सावकारी आणि विठ्ठलाचे देऊळ होते. थोरले बंधू सावजी विरक्त, धाकटा कान्होबा लहान. म्हणून सारा कारभार कोवळ्या वयातच मधल्या तुकारामांवर पडला. पुढे आईवडील गेले. भावजय वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. अशातच १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. गुरे मेली, दिवाळे निघाले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस. आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे!

परंपरा सांगते की ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबाने त्यांना शोधून काढले. मग दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले. वडिलांच्या वेळची कर्जखते आणवली. तुकारामांनी त्यांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबाची वाटणी त्याच्या हाती दिली आणि आपली तेवढी नदीत सोडून दिली.

आमच्या घरात माझ्या वह्यांच्या आधी आलेले कागद म्हणजे आजोबांनी अंगठा उठवलेली कर्जखते. त्यामुळे ही गोष्ट मी नेहमी कर्जदाराच्या बाजूने ऐकतो. ज्यांच्याकडून पैसे यायचे होते तेही त्याच दुष्काळात होरपळलेले. त्या कागदांनी एका बाजूला कर्जदार बांधला गेला होता, तसा दुसऱ्या बाजूला सावकारही बांधला गेला होता. नदीने दोघांनाही मोकळे केले.

परंतु यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, तुकारामांनी येणे सोडले, कर्तव्य सोडले नाही. ते परत आले, पडके देऊळ दुरुस्त केले, पूर्वीच्या संतांचे अभंग पाठ केले आणि दुसरी पत्नी जिजाई व मुलांसह संसारात राहिले. दुःखही त्यांनी विस्मरणात ढकलले नाही. पत्नीचा भूकबळी आणि निघालेले दिवाळे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगितले आहे. १६५० च्या सुमारास देहूतच त्यांच्या जीवनाची अखेर झाली. मागे राहिली ती सुमारे साडेचार हजार अभंगांची गाथा. वसुलीच्या मागे धावताना ती लिहून झाली असती का?

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. त्यांनी भावाची वाटणी बुडवली नाही. गाव सोडून शिकायला आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या मनातही अशी खते असतात. कुणी केलेला अपमान, कुणी न पाळलेला शब्द, गेलेल्या माणसाचे राहून गेलेले बोलणे. नवे आयुष्य सुरू करताना त्यांतली आपली वाटणी आपण खुशाल सोडावी. मात्र घरी राहिलेल्या आईचे दुःख, बापाचे कर्ज, धाकट्या भावंडांचा हक्क ही त्यांची वाटणी आहे. ती आपल्या हाताने नदीत टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.