संत अंब्रोज आणि उघडे दार

इसवी सन ३७४ मध्ये मिलान येथील महागुरूंचे आसन रिकामे झाले. निवडीच्या वेळी तंटा होऊ नये म्हणून त्या प्रांताचे सुभेदार अंब्रोज जातीने मंदिरात गेले, आणि लोकांनी एकमुखाने त्यांनाच निवडले. त्यांचा स्नानसंस्कारही तेव्हा व्हावयाचा होता! तो होऊन थोड्याच दिवसांत त्यांस महागुरुपदाची दीक्षा मिळाली.

पुढे या सत्पुरुषाने आपले दार कोणासही बंद ठेविले नाही. वर्दी दिल्यावाचून कोणीही आत यावे, असा तेथील रिवाज होता.

३८४ साली वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक ऑगस्टीन मिलानला आले. मानीच्या पाखंडी पंथात वर्षानुवर्षे राहून त्यांचे मन संशयाने ग्रासले होते. अंब्रोज यांनी पित्याच्या मायेने त्यांचे स्वागत केले. ऑगस्टीन प्रवचनास जात ते भाषेसाठी. परंतु शब्दांमागोमाग अर्थही अंतःकरणात उतरू लागला. तथापि भेटीस जावे, तो महागुरू लोकांच्या गराड्यात किंवा मूकवाचनात गढलेले. मनातील प्रश्न मनातच ठेवून ते परतत.

ती उणीव इतरांनी भरून काढली. वृद्ध धर्मगुरू सिम्प्लिशियन यांनी त्यांचे सारे ऐकून घेतले. दरबारी सेवक पोंटिशियन यांनी घरी येऊन संत अंतोनींची हकीकत सांगितली. माता मोनिका तर अखंड प्रार्थना करीत होती. ३८७ च्या पास्खाच्या रात्री अंब्रोज यांनी ऑगस्टीन यांस स्नानसंस्कार दिला.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आपल्या मंदिराचे दारही उघडे आहे. परंतु मागच्या बाकावर बसलेल्या नवख्या जिज्ञासूची विचारपूस कोण करणार? धर्मगुरू एकटा पुरा पडत नाही. मिलानलाही पडला नाही.

संत अंब्रोज, आम्हांसाठी विनंती करा.