जामियाचे आधारवड डॉ. अन्सारी

डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचा जन्म १८८० साली गाझीपूर जिल्ह्यातील युसुफपूरचा. मद्रासला वैद्यक शिकून ते एडिंबरोला गेले आणि लंडनच्या रुग्णालयांत नामवंत सर्जन झाले. दिल्लीत परतल्यावर १९१२ मध्ये बाल्कन युद्धातील जखमींसाठी वैद्यकीय पथक घेऊन ते तुर्कस्तानात गेले. त्यांच्या दर्यागंजमधील घरी गांधीजी मुक्काम करीत. १९२७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

त्यांची खरी कसोटी लागली ती जामिया मिलिया इस्लामियासाठी. असहकाराच्या काळात, १९२० साली, सरकारी मदत नाकारून ही संस्था अलीगडला उभी राहिली होती. खिलाफत चळवळ ओसरली तशा देणग्याही आटल्या. संस्था दिल्लीत आणणारे हकीम अजमल खान १९२७ च्या अखेरीस वारले. संस्था बंद पडते की काय, अशी वेळ आली. तेव्हा डॉक्टरांनी कुलपतिपद स्वीकारले. शिक्षकांनी अल्प पगारावर वीस वर्षे सेवेची शपथ घेतली. डॉक्टर अखेरपर्यंत त्यांच्या पाठीशी राहिले.

मे १९३६ मध्ये मसुरीहून परतताना रेल्वेतच त्यांचे निधन झाले. जामियाच्याच आवारात त्यांना दफन करण्यात आले. आज तिथे सर्व धर्मांची मुलेमुली शिकतात.