प्रकाश कोणावर, पडदा कोणासाठी?

काही न्यायाधीशांची नावे त्यांच्या निकालांपेक्षा त्यांनी लिहिलेल्या अल्पमतातील निकालपत्रांमुळे स्मरणात राहतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुई डेम्बिट्झ ब्रँडाइस हे अशांपैकी एक. खासगीपणा हा व्यक्तीचा हक्क आहे, या विचाराला आधुनिक कायद्याच्या भाषेत प्रथम सुसूत्र रूप देणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्याच वेळी, सत्तेचा आणि मोठ्या भांडवलाचा व्यवहार जनतेच्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे, असा आग्रहही त्यांनी जन्मभर धरला. वरकरणी या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. त्या एकाच तत्त्वाच्या दोन बाजू होत्या, हे त्यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

ब्रँडाइस यांचे आईवडील मूळचे प्रागचे ज्यू. 1848 च्या युरोपातील क्रांतीच्या धामधुमीनंतर हे कुटुंब अमेरिकेत आले आणि केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे 13 नोव्हेंबर 1856 रोजी लुई यांचा जन्म झाला. काही काळ जर्मनीतील ड्रेस्डेन येथे शिकून ते हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात दाखल झाले. दृष्टी अधू झाल्याने सहाध्यायी पुस्तके वाचून दाखवीत आणि ते ऐकून अभ्यास करीत. तरीही वयाच्या विसाव्या वर्षी, 1877 मध्ये, ते सर्वप्रथम आले. 1879 मध्ये सॅम्युअल वॉरन या सहाध्यायाबरोबर त्यांनी बॉस्टनमध्ये वकिली सुरू केली.

या दोघांनी 1890 च्या डिसेंबरमध्ये हार्वर्डच्या विधी नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यामागचे निमित्त त्या काळच्या नव्या यंत्रांत होते. पूर्वी छायाचित्र काढवून घ्यायचे तर माणसाला छायाचित्रकारापुढे स्थिर बसावे लागे; म्हणजे त्याची संमती गृहीतच असे. 1888 मध्ये कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि संमतीची ही गरज संपली. खप वाढविण्यासाठी घरगुती भानगडी छापणारी वृत्तपत्रेही जोरात होती. निबंधकारांचा युक्तिवाद असा की, खासगी पत्र प्रसिद्ध करावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार कायदा ते लिहिणाऱ्याला देतो, तो कागदाच्या मालकीसाठी नव्हे, तर व्यक्तित्वाच्या रक्षणासाठी. म्हणूनच छापलेला मजकूर खरा होता, एवढ्याने खासगीपणाचा भंग क्षम्य ठरत नाही. मात्र त्यांनी एक मर्यादाही घालून दिली होती: जे सार्वजनिक हिताचे आहे, ते या हक्काच्या आड लपविता येणार नाही.

या मर्यादेचा अर्थ ब्रँडाइस यांच्या पुढील आयुष्याने स्पष्ट केला. रेल्वे कंपन्यांची मक्तेदारी आणि विमा कंपन्यांची उधळपट्टी यांविरुद्ध ते लढले. कामगारांना स्वस्त आयुर्विमा मिळावा म्हणून 1907 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बचत बँकांमार्फत योजना सुरू झाली, ती त्यांच्याच प्रयत्नाने. सार्वजनिक कामांची फी ते घेत नसत; त्यामुळे लोकांचा वकील अशी त्यांची ख्याती झाली. मोठ्या बँकांच्या व्यवहारांवर 1913 मध्ये लिहिलेल्या लेखमालेत त्यांनी मागणी केली की, कंपनीचे रोखे विकताना बँकवाले किती दलाली घेतात, हे गुंतवणूकदाराला छापून कळविले पाहिजे. गुप्तता हे बलवानाचे हत्यार आहे आणि प्रकाश हा त्यावरील उपाय आहे, अशी त्यांची धारणा होती.

राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी 1916 च्या जानेवारीत त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमण्याचे जाहीर केले, तेव्हा धनिकवर्ग खवळला. ज्यूद्वेषाचीही त्यात भर पडली. चार महिन्यांच्या वादंगानंतर सिनेटने 47 विरुद्ध 22 मतांनी नेमणूक संमत केली आणि त्या न्यायालयात प्रथमच एक ज्यू न्यायाधीश बसला.

त्यांच्या विचारांची खरी कसोटी 1928 मध्ये लागली. दारूबंदीच्या त्या काळात सिएटल येथील रॉय ओल्मस्टेड हा माजी पोलीस अधिकारी चोरट्या दारूचा मोठा व्यापार करीत होता. सरकारी हस्तकांनी त्याच्या घरात पाऊल न टाकता बाहेरच्या टेलिफोनच्या तारांना जोड देऊन सुमारे पाच महिने संभाषणे ऐकली. त्यांची टिपणे टंकलिखित 775 पानांची झाली. असे चोरून ऐकणे त्या राज्याच्या कायद्याने गुन्हा होता. तरीही घरात शिरकाव झालेला नाही, म्हणून झडतीही झालेली नाही, असा निर्णय न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला.

ब्रँडाइस यांनी आपले भिन्नमत स्वतंत्रपणे लिहिले. टेलिफोन टॅप केला की दोन्ही टोकांच्या माणसांचा खासगीपणा बुडतो, मग त्यांचा गुन्ह्याशी संबंध असो वा नसो, हे त्यांनी दाखविले. उद्याचे विज्ञान बंद खणातील कागद न हलविता त्यांतील मजकूर न्यायालयात हजर करील, हेही त्यांनी ओळखले होते. कायदा मोडून कायदा राखणारे शासन नागरिकांना बेकायदेशीरपणाचेच धडे देते, असे त्यांनी बजावले. आणि हेतू चांगला असलेल्या, पण समज अपुरी असलेल्या उत्साही माणसांपासून स्वातंत्र्याला अधिक धोका असतो, असा इशारा दिला.

याच न्यायाधीशाने आदल्या वर्षी, 1927 मध्ये, मनोदुर्बल ठरविलेल्या स्त्रीची सक्तीने नसबंदी करण्यास मान्यता देणाऱ्या निकालास मूक संमती दिली होती, हेही नमूद केले पाहिजे. घराच्या उंबरठ्याची राखण करणाऱ्याला देहाच्या उंबरठ्याचा विसर पडला. थोरांचे तत्त्व स्वीकारताना त्यांची चूकही पाहावी लागते.

ब्रँडाइस 1939 मध्ये निवृत्त झाले आणि 5 ऑक्टोबर 1941 रोजी निवर्तले. त्यांचे अल्पमत 1967 मध्ये न्यायालयाचे मत झाले. 2018 मध्ये एका आरोपीच्या मोबाइलच्या ठावठिकाण्याची 127 दिवसांची नोंद पोलिसांनी मिळविल्याचे प्रकरण आले, तेव्हाही न्यायालयाने त्यांच्या इशाऱ्याचे स्मरण केले. आपल्याकडील इतिहास काही वेगळा नाही. खडकसिंग खटल्यात 1962 मध्ये बहुमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानण्याचे नाकारले; न्या. सुब्बा राव यांनी भिन्नमत दिले. 2017 च्या 24 ऑगस्टला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमुखाने सुब्बा राव यांची बाजू उचलून धरली. वॉरन-ब्रँडाइस यांच्या निबंधाचा परामर्श त्या निकालात आहे.

परंतु हक्क घोषित झाला म्हणजे तो हाती आला असे नव्हे. 2023 चा वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा पाहावा. सार्वभौमत्व, सुरक्षितता, सुव्यवस्था अशा कारणांसाठी कोणत्याही सरकारी यंत्रणेला त्यातून वगळण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्याच कायद्याने दिला आहे. आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील कलम बदलून, वैयक्तिक म्हणता येईल अशी कोणतीही माहिती नाकारण्याची सोय केली. सार्वजनिक कामाशी तिचा संबंध असला तरी, ही पूर्वीची अट उरली नाही. व्यापक हितासाठी माहिती देण्याची तरतूद शिल्लक आहे, पण ते हित सिद्ध करण्यासाठी झगडावे लागणार ते मागणाऱ्या सामान्य माणसालाच.

याचा अर्थ असा की, नागरिकाचा पडदा शासनाला दूर सारता येतो आणि अधिकाऱ्याला मात्र खासगीपणाच्या नावाखाली नवा पडदा मिळतो. ब्रँडाइस यांनी आखलेली मांडणी इथे नेमकी उलटी झाली आहे. व्यक्ती जितकी दुर्बल तितका तिच्याभोवतीचा आडोसा भक्कम हवा, आणि सत्ता जितकी मोठी तितका तिच्यावरील प्रकाश प्रखर हवा, हे त्यांच्या आयुष्याचे सूत्र होते. आपल्या संसदेने आणि न्यायालयांनी या कायद्याकडे त्या सूत्राच्या कसोटीवर पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.