वाटाण्याच्या अक्षता

एटीकेटी लागली की आपल्या होस्टेलवर दोन दिवस सुतक असतं. ग्रेगोर मेंडेलला तर परीक्षेने दोनदा वाटाण्याच्या अक्षता लावल्या. शिक्षक होण्याच्या परीक्षेत तो १८५० साली नापास झाला आणि १८५६ साली ती अर्धवट सोडून परतला. पण आनुवंशशास्त्राचा जनक म्हणून आज सारं जग ओळखतं ते यालाच!

त्याचा जन्म १८२२ चा, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी. वडील अपघातात जायबंदी झाले, शिक्षण थांबायची वेळ आली. तेव्हा धाकट्या बहिणीने, थेरेसियाने, स्वतःच्या हुंड्यातला वाटा भावाला दिला. १८४३ मध्ये तो ब्रनोच्या मठात दाखल झाला. मठाने त्याला व्हिएन्नाला धाडलं. तिथे फिजिक्स शिकवायला कोण, तर डॉप्लर इफेक्टवाले डॉप्लर!

परतल्यावर मठाच्या बागेत त्याने वाटाणा लावला. उंच आणि बुटक्या जातींचा संकर केला, तर सगळी झाडं उंच. मग बुटकेपणा गेला कुठे? त्याच झाडांचं बी पुढे पेरलं, तेव्हा ७८७ उंच आणि २७७ बुटकी झाडं आली, म्हणजे जवळपास तीनास एक. बुटकेपणा नाहीसा झाला नव्हता, लपला होता. उंचपणा प्रभावी, बुटकेपणा अप्रभावी.

आता खरी गंमत. यातली उंच झाडं दिसायला सारखीच. शुद्ध कुठलं, मिश्र कुठलं, हे ओळखायचं कसं? मेंडेलने १०० उंच झाडांचं बी वेगवेगळं पेरलं. २८ झाडांची संतती फक्त उंच निघाली, ७२ झाडांची उंच-बुटकी मिसळ. म्हणजे साधारण तीनात एक शुद्ध, दोन मिश्र. आई-बापाच्या पोटात काय दडलंय, ते पोरांवरून कळलं!

१८६५ मध्ये त्याने हे दोन व्याख्यानांत मांडलं, १८६६ मध्ये निबंध छापून आला. फारशी कुणी दखल घेतली नाही. १८६८ मध्ये तो मठाचा प्रमुख झाला आणि पुढची वर्षं सरकारशी कराच्या भांडणात गेली. बहिणीच्या मुलांच्या शिक्षणाला मात्र त्याने आठवणीने हातभार लावला. १८८४ मध्ये तो वारला. १९०० साली तीन शास्त्रज्ञ आपापल्या प्रयोगांतून त्याच नियमांपाशी पोचले आणि मेंडेलचं नाव पुढे आलं.

तेव्हा मित्रहो, मार्कशीट म्हणजे नुसता वरून दिसणारा गुण. आत काय दडलंय, ते पुढचं पीक सांगेल!